स्पिंडल गुरगुरतोय म्हणून लगेच बेअरिंग मागवू नका, आधी आवाज कुठून येतो ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. टरेट मिल आहे (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन, स्पिंडल म्हणजे कटर पकडून फिरवणारा शाफ्ट), आर-८ टेपर (स्पिंडलच्या तोंडातलं निमुळतं भोक), व्हेरिएबल स्पीडचं हेड. साधारण १५०० आरपीएमच्या वर गेलं की हेडमधून गुरगुर सुरू होते, ५००-६०० ला काही नाही. फ्लायकटरने (एकाच टूलचा फिरता कटर) फेस मारला, म्हणजे वरचं तोंड सपाट केलं, की जॉबवर लाटा दिसतात. एकाने नुसतं ऐकून सांगितलं की स्पिंडलची बेअरिंगं गेली, नवीन जोडी टाका. तर टाकायची का?

टाकू नका, निदान अजून तरी नाही. बेअरिंग गेलेलं असू शकतं, मी नाही म्हणत नाही, पण अशा हेडमध्ये स्पिंडलच्या वर एवढी मंडळी बसलेली असतात (मोटरची दोन बेअरिंगं, व्हेरिएबल पुलीच्या सरकणाऱ्या डिस्क, बेल्ट, पुलीच्या हबची वेगळी बेअरिंगं, क्लचचे दात, बॅकगिअर, स्प्लाइन, ब्रेकचे शू) की नुसत्या कानावर भरवसा ठेवला तर फसायची शक्यताच जास्त. बिडाचं हेड म्हणजे घंटा आहे, वर वाजलेलं खाली ऐकू येतं.

मी स्वतः फसलोय म्हणून सांगतो. कामाला लागून चार-पाच वर्षं झाली असतील, थोडं कळायला लागलं की जो माज येतो तो आलेला, एक हेड असंच घरघरत होतं आणि मी छातीठोकपणे सांगितलं की खालची जोडी गेली. क्विल (स्पिंडल पोटात घेऊन वरखाली होणारी नळी) उतरवली, स्पिंडल काढला, बेअरिंगं धुऊन पांढऱ्या कागदावर ठेवली आणि बघतो तर बॉलची वाट आरशासारखी, एक डाग नाही. तरीपण आता उघडलंच आहे म्हणून नवीन जोडी घातली, सगळं परत बांधलं, चालू केलं आणि तोच आवाज, अगदी तसाच. शेवटी निघालं काय तर वरच्या व्हेरिएबल डिस्कमधले प्लास्टिकचे बुश झिजले होते आणि डिस्क शाफ्टवर खुळखुळत होती. चांगली बेअरिंगं काढून नवी घातली, वर स्पिंडल उघडताना आत कचरा जायचा धोका पत्करला तो वेगळाच.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. आधी वेगवेगळं करून ऐकायचं, मग डायल (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मोजायचं घड्याळ) लावून मोजायचं, आणि दोन्हीकडून एकच उत्तर आलं तरच पाना हातात घ्यायचा.

आता ऐकायचं कसं. तुमच्या हेडला हाय-न्यूट्रल-लो असा दांडा असणार. मशीन पूर्ण थांबवून दांडा न्यूट्रलला टाका आणि मोटर चालू करा. आता मोटर, बेल्ट, पुल्या आणि पुलीचं हब फिरतंय, स्पिंडल फिरत नाहीये. ज्या स्पीडला गुरगुर येत होती त्या स्पीडपर्यंत चाक फिरवून न्या (व्हेरिएबलचं चाक मोटर चालू असतानाच फिरवायचं असतं, बंद असताना जोर लावला की आतलं काहीतरी वाकतं). गुरगुर तशीच आली तर स्पिंडलची बेअरिंगं निर्दोष सुटली, तुमचा चोर वरच्या मजल्यावर आहे. माझ्या अंदाजाने निम्म्याहून जास्त केसेस इथेच संपतात आणि यात एकही स्क्रू काढावा लागत नाही.

न्यूट्रलला आवाज गेला तरी लगेच बेअरिंगवर उडी नको. आता दांडा लो ला टाका, म्हणजे बॅकगिअरमध्ये. यात गंमत अशी आहे की वरची पुली आणि हब पूर्वीसारखंच जोरात फिरतं पण स्पिंडल बराच हळू फिरतो. गिअरचा स्वतःचा एक रडका आवाज येणारच, तो सोडून द्या, पण ती ओळखीची गुरगुर हब जोरात फिरवल्यावर आली आणि स्पिंडल मात्र शे-दोनशेवरच आहे, तर ती स्पिंडलची नाही. जाता जाता, बऱ्याच हेडमध्ये लो ला स्पिंडल उलटा फिरतो आणि मोटरचा स्विच उलटा करावा लागतो, टेस्टच्या नादात कटर लावून उलट कट घेऊ नका.

स्टेप पुलीचं हेड असेल तर अजून सोपं. मोटर एकाच स्पीडने फिरते, तुम्ही फक्त बेल्ट वेगळ्या पायरीवर टाकता. पायरी बदलल्यावर आवाजाचा सूर तोच राहिला तर मोटर, पायरीच्या प्रमाणात सूर चढला-उतरला तर स्पिंडलच्या बाजूचं काहीतरी. इन्व्हर्टर (घरचा बॅटरीवाला नव्हे, मोटरच्या सप्लायची फ्रिक्वेन्सी बदलणारा) लावून स्पीड बदलत असाल तर ही युक्ती चालत नाही कारण मग मोटर आणि स्पिंडल दोघंही बरोबरच बदलतात. इन्व्हर्टरवाल्यांसाठी दुसरी टेस्ट आहे, पूर्ण स्पीडला नेऊन सप्लाय तोडा आणि ब्रेक न लावता आपोआप थांबू द्या. ज्या क्षणी सप्लाय गेला त्याच क्षणी जो आवाज मेला तो विजेचा होता, शिट्टी किंवा हम्म. जो आवाज स्पिंडलबरोबर हळूहळू खाली उतरत जातो तो यांत्रिक.

बेल्टचं एक वेगळंच असतं. मशीन महिनोन्महिने बंद असेल तर बेल्ट पुलीवर जिथे वाकून बसलेला असतो तिथे त्याला बाक येतो आणि मग चालू केल्यावर धप-धप-धप असा ठोका येतो. हा ठोका स्पिंडलच्या फेऱ्यापेक्षा संथ असतो. दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर पुष्कळदा कमी होतो, नाही झाला तर बेल्ट बदला, स्वस्तात सुटलात.

आणि स्प्लाइन. स्पिंडलच्या वरच्या टोकाला स्प्लाइन (लांबीभर कोरलेले दात) असते, ती ड्राइव्हच्या बाहीत वरखाली सरकते म्हणून तर क्विल खाली येताना स्पिंडल फिरत राहू शकतो. ती झिजली की रिकामं फिरताना खडखडाट होतो, लोक घाबरतात, पण कट लागला की दात एका बाजूला टेकतात आणि आवाज गायब. बेअरिंगचं उलटं आहे, लोड आला की आवाज वाढतो किंवा जाडा होतो, सहसा गायब होत नाही. तपासायला क्विल पूर्ण वर ठेवून ऐका आणि मग तीन-चार इंच खाली आणून ऐका. स्प्लाइनची पकड कमी-जास्त झाली की खडखड बदलते. बेअरिंगं क्विलच्या आतच बसलेली असल्यामुळे ती क्विलबरोबर खाली येतात, त्यांचा आवाज फारसा बदलत नाही, फक्त तुमच्या कानाच्या जवळ येतो.

कानाला लावायला लांब स्क्रूड्रायव्हर चालतो, टोक क्विलच्या खालच्या भागावर आणि मूठ कानामागच्या हाडाला. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळाला तर उत्तम. फिरत्या भागापासून लांब, बाह्या आणि केस आवरून, एवढं सांगायला नको. चांगलं बेअरिंग सुईईई असा एकसारखा गुळगुळीत आवाज देतं. ग्रीस सुकलेलं बेअरिंग कोरडी सळसळ करतं. कचरा शिरलेला असेल तर अनियमित कडकड येते, मधेच येते मधेच जाते. आणि रेसवर (बॉल ज्यावर पळतात त्या कड्यावर) खड्डा पडलेला असेल तर गुरगुर अगदी तालात असते, स्पीडबरोबर तिचा ताल घट्ट बांधलेला.

त्या तालाचं गणितही ढोबळमानाने करता येतं. बाहेरच्या रेसवर एक खड्डा असेल तर दर फेऱ्याला बॉलच्या संख्येच्या साधारण ०.४ पट ठोके पडतात, आतल्या रेसवर असेल तर ०.६ पट. समजा १२ बॉल आहेत आणि स्पिंडल १५०० वर आहे, म्हणजे सेकंदाला २५ फेरे, तर बाहेरच्या रेसचे १२० ठोके आणि आतल्या रेसचे १८०. फोनमधल्या फ्रिक्वेन्सी दाखवणाऱ्या अॅपवर १२० किंवा १८० च्या आसपास उंच टोक दिसलं आणि स्पीड दुप्पट केल्यावर ते टोकही दुप्पट झालं तर संशयाला जोर येतो. पण मोटरचा विजेचा हम्म ५० हर्ट्झच्या सप्लायवर १०० ला असतो, ६० च्या सप्लायवर नेमका १२० ला, तो धरून फसू नका. मी फोनवर निकाल देत नाही, साक्षीदार म्हणून घेतो.

याच हिशोबाने तुमच्या लाटांकडे बघा. लाटांमधलं अंतर मोजलंत का? समजा फीड मिनिटाला १०० मिमी आणि लाटा १ मिमीवर आहेत, तर दर ०.६ सेकंदाला काहीतरी होतंय. तेवढ्या वेळात १५०० वरचा स्पिंडल १५ फेरे मारतो. बेअरिंगमधली सगळ्यात आळशी गोष्ट म्हणजे केज (बॉलना अंतरावर धरणारा पिंजरा), तीसुद्धा स्पिंडलच्या ०.४ पट वेगाने फिरते, म्हणजे ६ फेरे. मग ०.६ सेकंदाची लाट बेअरिंग थेट कसं काढणार? ते पॉवर फीडचा वर्म, स्क्रू, ढिली गिब (सरकत्या भागाचा खेळ काढणारी पट्टी) असलं काहीतरी असतं. उलट लाटांमधलं अंतर ०.०६-०.०७ मिमी, म्हणजे एका फेऱ्याच्या फीडएवढंच असेल, तर त्या लाटा नाहीतच, ते फ्लायकटरचे साधे टूलमार्क आहेत. मधलं काहीतरी निघालं तर मग पुढे वाचा. टेबल हाताने फिरवून एक फेस मारा, लाटांचं अंतर बदललं तर दोष फीडचा.

आता मोजणी, आणि इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

लोक काय करतात, मॅग्नेटिक स्टँड टेबलवर ठेवतात, डायल स्पिंडलच्या नाकाला, म्हणजे खालच्या टोकाला, लावतात, हाताने स्पिंडल ढकलतात आणि काटा ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) हलला की बेअरिंग गेलं म्हणतात. अहो त्या ४० मध्ये टेबलची गिब आली, नी (टेबलखालचा वरखाली होणारा भाग) आली, रॅम (हेड धरणारा वरचा आडवा हात) आला, हेडचे बोल्ट आले आणि क्विल व हेडच्या बोअरमधला खेळ आला. क्विलचा खेळच कधीकधी निम्म्याहून जास्त असतो. बेअरिंगचा खेळ हवा असेल तर डायल क्विललाच धरला पाहिजे, म्हणजे स्टँड किंवा क्लॅम्प क्विलच्या अंगावर आणि डायलचं टोक स्पिंडलच्या नाकावर. मध्ये फक्त बेअरिंग उरलं पाहिजे. क्विल दोनेक इंच खाली घेऊन लॉक करा म्हणजे क्लॅम्पला जागा होते. डायल एक किंवा दोन मायक्रॉनवाला घ्या, ०.०१ मिमीचा साधा डायल इथे आंधळा आहे.

आधी आडवा खेळ. स्पिंडलमध्ये चांगला बार पकडा, बाराला धरून तुमच्याकडे ओढा, मग लांब ढकला. मग उभा खेळ, डायल नाकाच्या खालच्या सपाट तोंडावर, आणि टेबलवर लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावरून लाकडी दांड्याने स्पिंडल वर उचलायचा, साधारण २० किलोचा जोर, पहार घालून हेड उखडायचं नाही.

आकड्यापेक्षा काटा कसा हलतो ते जास्त बोलकं असतं. चांगल्या प्रीलोड (आत खेळ उरू नये म्हणून बेअरिंगला आधीच दिलेला दाब) असलेल्या जोडीला जोर लावला तर काटा दोन-तीन मायक्रॉन, आडवा थोडा जास्त, असा जोराच्या प्रमाणात हळूहळू सरकतो आणि जोर सोडला की बरोबर शून्यावर परत येतो. हे लवचिकपण आहे, लोखंडही वाकतंच. बेअरिंग झिजलेलं असेल तर काटा आधी टुणकन उडी मारतो, नुसत्या बोटाच्या जोरावर, मग तिथे टेकतो आणि पुढे जोर लावला तरी थोडाच सरकतो. आणि सोडल्यावर शून्यावर येत नाही, जिथे सोडला तिथेच कुठेतरी बसतो. ती उडी म्हणजे हरवलेला प्रीलोड. उडी ५ मायक्रॉनची असली तरी मी ती गंभीर धरतो, १५-२० ची असेल तर मग बोलायलाच नको.

रनआउट (फिरताना मध्यापासून डगमगणं) ही वेगळी गोष्ट आहे, त्याची खेळाशी सरमिसळ करू नका. टेपरच्या आतल्या भिंतीला डायल लावून स्पिंडल हाताने सावकाश फिरवा. ५ मायक्रॉनच्या आत असेल तर छान, १० पर्यंत रोजचं काम होतं. पण टेपरमध्ये एक चिप चिकटली असेल किंवा कोलेट (कटर पकडणारी चिरा असलेली बाही) घसरून ओरखडा उठला असेल तरी रनआउट वाढतं, बेअरिंगचा संबंध नाही. टेपर आधी पुसा, बोट फिरवून बघा. रनआउट दर फेऱ्याला त्याच जागी तेवढंच येत असेल तर दोष टेपरचा किंवा वाकलेल्या स्पिंडलचा. तीन फेऱ्यांत तीन वेगळे आकडे आले, काटा थरथरला, तर बेअरिंगकडे बोट जातं.

हातानेही बरंच कळतं. न्यूट्रलला टाकून स्पिंडल दोन बोटांनी अगदी सावकाश फिरवा. वाळूसारखं किरकिरं लागलं तर कचरा किंवा कुजलेलं ग्रीस. ठराविक अंतरावर बारीक खाचा लागल्या, घड्याळाला चावी देताना लागतात तशा, तर रेसवर बॉलचे ठसे उमटलेत. आणि स्पिंडलला गरका दिल्यावर तो खूप वेळ मजेत फिरत राहिला म्हणून खूश होऊ नका, प्रीलोडवाला स्पिंडल लवकर थांबतो, जो थांबतच नाही त्याचा प्रीलोड गेलेला असू शकतो.

ते ठसे कुठून येतात माहितीये? ड्रॉबारवर, म्हणजे कोलेट वरून ओढून धरणाऱ्या सळईवर, हाणलेल्या हातोडीतून. आर-८ ला कोलेट सोडवायला ड्रॉबार एखादा आटा ढिला करून वरून टप्पल मारावीच लागते, पण काही लोक टप्पल न मारता घण घालतात. तो प्रत्येक दणका बॉलमधून रेसवर जातो. मी उघडलेल्या एका जोडीच्या आतल्या रेसवर नखाने जाणवतील असे ठसे होते, एका ओळीत, सारख्या अंतरावर, आणि अंतर मोजलं तर बॉलच्या अंतराएवढंच. त्या मशीनच्या ड्रॉबारचं डोकं मशरूमसारखं पसरलेलं होतं, आधी ते बघितलं असतं तर डायल लावायचीही गरज नव्हती. दुसरं कारण म्हणजे एअरगन. नाकाजवळ हवा मारली की कूलंट आणि बारीक चिप थेट आत. अशा बेअरिंगचं ग्रीस राखाडी नाहीतर दुधाळ होतं आणि बोटात चोळलं की चमचमतं, ती चमचम म्हणजे बेअरिंगचंच पोलाद.

उष्णतेबद्दल थोडक्यात. वरच्या स्पीडला अर्धा तास चालवून क्विलच्या खालच्या भागाला हात लावा. कोमट, गरम, ठीक आहे. तळहात ठेवून दहा सेकंद धरवत नसेल तर ६० अंशाच्या आसपास गेलंय, काहीतरी घासतंय किंवा कोणीतरी ग्रीस ठासून भरलंय.

खेळ सापडला तरी लगेच नवीन जोडी नको. आधी क्विलच्या खालची टोपी (नोजपीस) आणि स्पिंडलचा वरचा लॉकनट बघा. टोपी ढिली झाली तर बाहेरच्या रेस मोकळ्या होतात आणि अख्खा स्पिंडल वरखाली होतो, बेअरिंग ठणठणीत असताना. टोपी फिरवण्याआधी तिला लॉक करणारा बारीक स्क्रू शोधा, न शोधता फिरवली तर आट्यांची वाट लागते. पण नट घट्टच असेल तर तो अजून आवळून खेळ जाईल असं समजू नका. या हेडमध्ये खाली अँग्युलर कॉन्टॅक्टची (तिरका दाब घेणाऱ्या बॉल बेअरिंगची) मॅच केलेली जोडी असते, बहुतेक ७२०७ मापाची, आणि तिचा प्रीलोड कंपनीने रेस ग्राइंड करूनच दिलेला असतो. नट फक्त आतल्या रेस आणि स्पेसर एकत्र दाबतो, दाबून झालं की संपलं. नट आवळून प्रीलोड द्यायचा प्रकार टेपर रोलरवाल्या स्पिंडलला चालतो, जुन्या आडव्या मिलला असतो तसा, तिथे थोडं आवळायचं, तासभर पळवायचं, हात लावून बघायचं असं पुढे जातात.

शेवटी बदलायचीच ठरली तर जोडी मॅच केलेलीच घ्या, पी४ ग्रेडची (जास्त अचूकतेची). दोन सुटी साधी बेअरिंगं घेऊन जोडी होत नाही. बाहेरच्या रेसवर दोघांवर मिळून एक व्ही काढलेला असतो, तो जुळला पाहिजे, आणि जुनी काढताना कोणतं तोंड कुठे होतं त्याचा फोटो काढून ठेवा. आतला आणि बाहेरचा स्पेसर एकाच उंचीचे असतात, एक-दोन मायक्रॉनच्या आत, म्हणून त्यांना पॉलिश पेपर मारायचा मोह आवरा. आतली रेस चढवायला ८०-१०० अंशापर्यंत गरम करा, १२० च्या वर नाही, आणि बाहेरच्या रेसवर ठोकून आतली चढवायची नाही कारण मग दणका बॉलमधून जातो आणि तुम्ही पैसे मोजून आणलेल्या बेअरिंगवर पहिल्याच दिवशी ठसे काढता. ग्रीस आतल्या मोकळ्या जागेच्या पाव ते एक तृतीयांश, बस्स.

बांधून झालं की एकदम वरच्या स्पीडला टाकायचं नाही. सगळ्यात खालच्या स्पीडला वीसेक मिनिटं, मग एकेक पायरी वर, प्रत्येक पायरीला क्विलवर हात ठेवून. गरम व्हायला लागलं की थांबवायचं, गार होऊ द्यायचं, एक पायरी खालून परत सुरू करायचं. नवीन ग्रीस पसरेपर्यंत थोडी सळसळ येते, अर्धा दिवस यात जातो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मशीन गार असताना, तोच डायल त्याच जागी लावून आधीच्या आकड्यांशी ताडून बघा, म्हणून म्हणतो उघडण्याआधीचे आकडे हेडच्या आतल्या बाजूला खडूने का होईना पण लिहून ठेवा.